ड्रीमकास्ट आज घ्यायचा तर: नवख्यांसाठी मार्गदर्शन

सेगा या जपानी कंपनीने ड्रीमकास्ट हा गेम कन्सोल २७ नोव्हेंबर १९९८ रोजी जपानमध्ये, ९ सप्टेंबर १९९९ रोजी अमेरिकेत आणि त्यानंतर महिनाभराने युरोपात विक्रीस आणला. ३१ जानेवारी २००१ रोजी त्याचे उत्पादन थांबवत असल्याचे कंपनीने जाहीर केले आणि त्याच वर्षीच्या मार्चअखेरीस ते थांबलेही. जगभरात सुमारे ९१ लाख नग विकले गेले. त्याच्याशी स्पर्धा करणाऱ्या सोनीच्या प्लेस्टेशन २ ची विक्री पुढे १५ कोटींच्या पलीकडे गेली. बाजाराच्या हिशेबात हे सरळसरळ अपयश होते आणि त्यानंतर सेगाने घरगुती कन्सोलच्या शर्यतीतून अंग काढून घेतले. तरीही आज, पाव शतकानंतर, या यंत्रासाठी नवे गेम तयार होतात, नवे सुटे भाग बनतात आणि जुन्या यंत्रांना गिऱ्हाईक मिळते.

याचे सगळे श्रेय गतकाळाच्या ओढीला देणे मला पटत नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या लहानपणी ‘टीव्ही गेम’ म्हणजे कॅसेट खोचून चालणारे आठ बिटांचे नकली यंत्र असे; ड्रीमकास्ट घरात असणारी मुले महाराष्ट्रात अगदी विरळ. ज्याची आठवणच नाही त्याची हळहळ कसली? खरी कारणे यंत्रातच आहेत. सेगाने आर्केडसाठी बनवलेला नाओमी हा बोर्ड आणि ड्रीमकास्ट यांची रचना जवळजवळ एकच होती, त्यामुळे नाणे टाकून खेळायचे गेम फारशी काटछाट न होता घरी आले. ते गेम तीन मिनिटांत रंगतात, समजायला शिकवणी लागत नाही, आणि चार जण एका खोलीत बसून खेळू शकतात. शिवाय गेमची एकूण संख्या काहीशेच असल्यामुळे सगळा संग्रह एका माणसाच्या आवाक्यात राहतो. तिसरी गोष्ट म्हणजे हे यंत्र उघडता, समजून घेता आणि दुरुस्त करता येते. पुढील मार्गदर्शन या तीन गुणांना धरून आहे, आणि त्यातील क्रम खर्चाचा आहे: जे आधी सांगितले आहे ते आधी करावे.

पहिली पायरी: पैसे खर्च करण्याआधी खेळून पाहावे

ड्रीमकास्टची नक्कल करणारी फ्लायकास्ट आणि रीड्रीम ही दोन सॉफ्टवेअर साध्या संगणकावर उत्तम चालतात; फ्लायकास्ट अँड्रॉइड फोनवरही चालते. गेमच्या प्रतीबाबत प्रताधिकाराचा प्रश्न उरतोच, म्हणून स्वतःच्या मूळ डिस्कवरून काढलेली प्रत किंवा छंद म्हणून बनवलेले मोफत गेम वापरावेत. काही प्रसिद्ध गेम आजच्या यंत्रांवरही अधिकृतपणे मिळतात. ‘शेनम्यू’चे पहिले दोन भाग २०१८ मध्ये संगणक, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनसाठी पुन्हा आले आणि ‘इकारुगा’ स्टीम या संगणकावरील ऑनलाइन गेम-दुकानात आहे. या मार्गाने दोन-चार गेम खेळल्यावर जर मनात ‘हे सोफ्यावर बसून, मूळ कंट्रोलर हातात घेऊन खेळायला हवे’ असे आले, तरच पुढच्या पायरीवर जावे. तसे वाटले नाही तर नक्कल पुरेशी आहे, आणि त्यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही.

दुसरी पायरी: कोणत्या देशाचे यंत्र घ्यायचे ते विजेवरून ठरवावे

नवख्या माणसाचे सर्वांत मोठे नुकसान होते ते येथे. जपानी ड्रीमकास्ट १०० व्होल्टवर चालतो, अमेरिकी १२० व्होल्टवर आणि युरोपीय २२० ते २४० व्होल्टवर. भारतातील घरगुती वीज २३० व्होल्टची आहे. तिन्ही यंत्रांना मात्र टेपरेकॉर्डरला असे तशी दोन भोकांची, एकाच आकाराची वायर बसते, आणि वीजपुरवठ्याचा भाग यंत्राच्या पोटातच असतो. त्यामुळे जपानहून आलेल्या यंत्राला घरातली वायर सहज लागते, बटण दाबले जाते आणि क्षणात पुरवठ्याचा बोर्ड जळतो. वायर बसली म्हणजे वीज जुळली असे या यंत्राच्या बाबतीत कधीही समजू नये.

यंत्र उलटे करून खालचे लेबल वाचावे. एचकेटी-३००० हा जपानी नमुना, एचकेटी-३०२० अमेरिकी आणि एचकेटी-३०३० युरोपीय. भारतात राहणाऱ्याने शक्यतो युरोपीय यंत्र घ्यावे, असे माझे मत आहे. ते थेट भिंतीतल्या सॉकेटवर चालते. जपानी यंत्रे आणि जपानी गेम सहसा अधिक चांगल्या अवस्थेत मिळतात हे खरे, पण मग त्याच्यासोबत योग्य क्षमतेचा, व्होल्ट कमी करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो. ट्रान्सफॉर्मरवर किती व्होल्ट बाहेर येतात हे मल्टिमीटरने मोजल्याशिवाय यंत्र जोडू नये. आतला पुरवठ्याचा बोर्ड बदलून २३० व्होल्टचा बसवणे हाही मार्ग आहे, परंतु त्या बोर्डावरील कपॅसिटर या वीज साठवणाऱ्या भागांत वायर काढल्यानंतरही धोकादायक विद्युतभार राहू शकतो, म्हणून ते काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांना ही अडचण नाही. त्यांनी आपल्या देशाचे यंत्र घ्यावे. मात्र सुटीत ते पुण्या-नाशिकला आणायचे असेल तर वरचा परिच्छेद त्यांनाही लागू होतो. परदेशातून मागवताना सीमाशुल्क आणि वापरलेल्या वस्तूंच्या आयातीचे नियम आधी पाहून घ्यावेत.

विजेनंतरची दुसरी अट म्हणजे प्रदेशबंदी. जपान, अमेरिका आणि युरोप या तीन प्रदेशांच्या डिस्क एकमेकांच्या यंत्रावर आपोआप चालत नाहीत. यंत्र सुरू करताना घालायची खास बूट डिस्क किंवा आतील बदल यांच्या साहाय्याने ही बंदी ओलांडता येते, पण पहिल्या दिवशी हा व्याप नको असेल तर यंत्र आणि डिस्क एकाच प्रदेशाच्या असाव्यात. डिस्कच्या आवरणावरचे ड्रीमकास्टचे आवर्ताचे (आत वळत जाणाऱ्या रेषेचे) चिन्ह येथे उपयोगी पडते. युरोपात ते निळे आहे, जपान आणि अमेरिकेत नारिंगी-लाल.

तिसरी पायरी: वापरलेले यंत्र तपासून घ्यावे

ड्रीमकास्ट आता नवा मिळत नाही, तेव्हा प्रत्येक यंत्र कुणीतरी वापरलेले असते. विक्रेत्याकडून यंत्र सुरू झाल्याचा व्हिडिओ मागावा आणि त्यात केवळ सुरुवातीचे आवर्त न पाहता गेम सुरू होऊन दहा-पंधरा मिनिटे चालताना पाहावा. गेम मध्येच थांबून यंत्र मुख्य पडद्यावर परत येत असेल तर बहुधा वीजपुरवठ्याच्या बोर्डाच्या पिना ऑक्सिडीकरणाने काळवंडलेल्या असतात. हा दोष किरकोळ आहे आणि त्याची दुरुस्ती पुढे सांगितली आहे. डिस्क फिरते पण वाचली जात नाही, हा दोष मात्र महाग पडतो, कारण लेझर थकलेला असण्याची शक्यता असते. चारही कंट्रोलरच्या जागा चालतात का हे आवर्जून विचारावे.

प्रत्येक वेळी यंत्र तारीख आणि वेळ विचारत असेल तर घाबरू नये. आतील घड्याळाचा सेल संपला आहे एवढाच त्याचा अर्थ. तसेच प्लास्टिक पिवळे पडले असेल तर तो केवळ दिसण्याचा प्रश्न आहे; किंमत पाडून मागायला उपयोगी, याहून त्याला महत्त्व नाही.

लेबलवर वर्तुळात ०, १ किंवा २ असा आकडा असतो. तो बोर्डाची आवृत्ती सांगतो. पुढे डिस्कऐवजी एसडी कार्डवरून गेम चालवायचे असतील किंवा छंदापोटी बनवलेले गेम साध्या सीडीवरून चालवायचे असतील, तर १ आकड्याचे यंत्र सर्वांत कमी त्रासाचे असते. २ आकड्याच्या बऱ्याच यंत्रांत सेगाने एमआयएल-सीडी ही सोय काढून टाकली होती. ही सोय मुळात संगीताच्या सीडींना चित्रे आणि मेनू जोडण्यासाठी होती, पण २००० साली तिच्याच आधारे नकली डिस्क कोणताही बदल न करता यंत्रावर चालू लागल्या. कंपनीच्या दृष्टीने ती घातक फट होती. आज स्वतंत्र गेम बनवणाऱ्यांसाठी तेच दार उघडे राहिले आहे.

चौथी पायरी: चित्र नीट मिळवावे

सोबत येणारी पिवळ्या-लाल-पांढऱ्या टोकांची कॉम्पोझिट केबल आजच्या सपाट टीव्हीवर लावली की चित्र पुसट आणि रंग फाटलेले दिसतात. अनेक जण तेवढ्यावरून यंत्र जुनाट ठरवून मोकळे होतात, आणि हे या यंत्रावर सरळ अन्याय करणारे आहे. ड्रीमकास्टची खास ताकद अशी की त्याचे बहुतांश गेम व्हीजीए या संगणकाच्या मॉनिटरच्या जुन्या जोडणीवर ६४० गुणिले ४८० बिंदूंचे, सलग ओळींचे पूर्ण चित्र देतात. त्याच्या पिढीतील दुसऱ्या कोणत्याही कन्सोलने ही सोय इतक्या सर्रास दिली नव्हती. ही जोडणी देणारा व्हीजीए बॉक्स घेऊन तो जुन्या संगणकाच्या मॉनिटरला जोडला, तर फरक पहिल्या सेकंदाला कळतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात किंवा भंगारात निघालेल्या कार्यालयीन सामानात असा मॉनिटर थोडक्यात मिळून जातो, आणि जुना जाड काचेचा मॉनिटर मिळाला तर मी नव्या टीव्हीपेक्षा त्यालाच पसंती देईन.

टीव्हीलाच जोडायचे असेल तर व्हीजीए चित्राचे एचडीएमआयमध्ये रूपांतर करणारी केबल मिळते. स्वस्तातल्या केबल चालतात, पण काहींत चित्र किंचित ताणलेले येते. अशा वेळी टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्राचे प्रमाण ४:३ करावे. यंत्राच्या आत बसवायचा डीसीडिजिटल (आधीचे नाव डीसीएचडीएमआय) नावाचा बदलही आहे. त्यात ध्वनी आणि चित्र अंकीय रूपातच बाहेर येते, परंतु त्याला अतिशय बारीक सोल्डरिंग लागते आणि नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. मोजके गेम व्हीजीए जोडणीवर चालण्यास नकार देतात, म्हणून जुनी केबल फेकू नये.

युरोपीय यंत्र घेणाऱ्यांसाठी एक सूचना: अनेक युरोपीय गेम सुरुवातीला ५० की ६० हर्ट्झ (म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा बदलायचे) असे विचारतात. नेहमी ६० निवडावे. ५० वर काही गेम संथ चालतात आणि पडद्याच्या वर-खाली काळ्या पट्ट्या येतात.

पाचवी पायरी: दोन कंट्रोलर आणि एक व्हीएमयू

कंट्रोलर दिसायला बोजड आहे आणि त्याची वायर समोरून न निघता खेळणाऱ्याच्या बाजूने निघते, हे थोडे विचित्र वाटते. पण त्याची आनालॉग स्टिक आणि मागचे दोन ट्रिगर चुंबकीय हॉल सेन्सरवर चालतात. घासून झिजणारा भाग त्यांत नसल्यामुळे, आजच्या नव्या कंट्रोलरमध्ये वर्षा-दोन वर्षांत स्टिक आपोआप सरकू लागण्याचा जो दोष दिसतो, तो येथे सहसा आढळत नाही. म्हणून नकली नव्या कंट्रोलरपेक्षा सेगाचा जुना मूळ कंट्रोलर घ्यावा. दुसरा कंट्रोलर पहिल्याच खरेदीत घ्यावा. एकट्याने खेळायचे यंत्र म्हणून ड्रीमकास्ट अर्धाच कळतो.

कंट्रोलरमध्ये खोचायचे व्हीएमयू हे मेमरी कार्ड स्वतःचा छोटा पडदा आणि बटणे घेऊन येते. गेम साठवण्यासाठी त्यात २०० ब्लॉक जागा असते. त्यात दोन सीआर२०३२ सेल बसतात आणि ते लवकर संपतात. संपले की यंत्र सुरू करताना कर्कश बीप ऐकू येते. सेल संपले तरी साठवलेले गेम जात नाहीत, कारण ते विजेविनाही टिकणाऱ्या फ्लॅश मेमरीत असतात. ती बीप सहन होत असेल तर सेल न घालताच वापरले तरी चालते, आणि मला तरी सेलवर पैसे घालवणे पटत नाही.

सहावी पायरी: कोणते गेम, कोणत्या क्रमाने

येथे थोडे रेंगाळायला हवे, कारण या यंत्राचे आकर्षण टिकले आहे ते गेममुळे. नवखे लोक बहुधा ‘सर्वोत्तम शंभर’ अशी यादी शोधतात आणि तिच्यात बुडून जातात. त्यापेक्षा चार-पाच गेम घ्यावेत आणि ते खरोखर खेळावेत.

सुरुवात ‘क्रेझी टॅक्सी’ने करावी. प्रवासी उचलायचा, हिरव्या बाणाकडे पाहत शहर तुडवायचे, वेळ संपण्याआधी त्याला पोहोचवायचे. नियम एवढेच आहेत. १९९९ मध्ये आर्केडमध्ये आणि पुढच्या वर्षी ड्रीमकास्टवर आलेला हा गेम या यंत्राचा स्वभाव एका बैठकीत सांगतो. त्यानंतर दुसऱ्या माणसाला बसवून ‘सोलकॅलिबर’ लावावा. तलवारी आणि काठ्यांच्या या द्वंद्वगेमची घरगुती आवृत्ती मूळ आर्केड यंत्रापेक्षा अधिक देखणी होती, जे त्या काळात क्वचितच घडे, आणि १९९९ चे त्याचे चित्र आजही डोळ्यांना खुपत नाही. बटणे कशीही दाबणारा पाहुणा आणि सराव केलेला यजमान यांच्यातही सामना रंगतो, हे त्याचे मोठेपण आहे.

खोलीत चार जण असतील तर ‘चूचू रॉकेट’ घ्यावा. पाटावर बाण ठेवून उंदरांच्या झुंडी आपल्या रॉकेटकडे वळवायच्या आणि मांजरे शेजाऱ्याच्या रॉकेटात सोडायची, असा हा खेळ आहे. चित्र अगदी साधे, पण घरातील आजीपासून नातवापर्यंत सर्वांना आरडाओरड करायला लावणारा. टेनिसची आवड असेल तर ‘व्हर्चुआ टेनिस’ त्याच्याच शेजारी ठेवावा.

‘जेट सेट रेडिओ’ हा २००० सालचा गेम दिसण्याच्या बाबतीत वेगळा आहे. स्केट घालून टोकियोसारख्या शहरात भिंती रंगवत फिरणाऱ्या मुलांची ही गोष्ट जाड काळ्या रेषांच्या, सपाट रंगांच्या चित्रात रंगवलेली आहे, आणि ही पद्धत वापरणाऱ्या पहिल्या गेमपैकी तो एक आहे. वास्तवाची नक्कल करणारे त्याच काळातील गेम आज थकलेले दिसतात. हा दिसत नाही. मात्र त्याची हाताळणी हट्टी आहे आणि पहिल्या तासाला राग येतो, हे आधीच सांगून ठेवतो.

‘शेनम्यू’ शेवटी ठेवावा. यू सुझुकी यांचा हा गेम १९८६ च्या योकोसुका शहरात घडतो. दुकाने ठरल्या वेळी उघडतात आणि बंद होतात, पाऊस पडतो, माणसे संध्याकाळी घरी जातात. वडिलांच्या खुनाचा तपास करणारा नायक बराच वेळ नुसता लोकांना प्रश्न विचारत फिरतो. संथपणा सोसवत नसेल तर तो मुळीच घेऊ नये, पण ज्यांना त्याची लय सापडते ते दुसरे गेम विसरतात. पहिल्याच आठवड्यात तो लावून कंटाळून यंत्र विकणारे मात्र बरेच असावेत.

सातवी पायरी: डिस्क की एसडी कार्ड

ड्रीमकास्टची जीडी-रॉम ही डिस्क सीडीसारखी दिसते, पण तिच्यात सुमारे एक जीबी माहिती दाटीने भरलेली असते. डिस्क आणि तिचा ड्राइव्ह दोन्ही म्हातारे होत आहेत, म्हणून ड्राइव्ह काढून त्या जागी एसडी कार्डवरून गेम चालवणारा जीडीईएमयू हा बोर्ड बसवण्याची पद्धत रूढ झाली आहे. त्यासाठी सोल्डरिंग लागत नाही. जुना ड्राइव्ह उचलायचा आणि त्याच खाचेत नवा बोर्ड बसवायचा. बोर्ड मागवण्याआधी तो आपल्या आवृत्तीच्या यंत्रावर चालतो याची खात्री करावी. काढलेला ड्राइव्ह जपून ठेवावा. माझा सल्ला असा की जोवर ड्राइव्ह नीट वाचतो तोवर तो बदलू नये. त्याची घरघर मोठी असते खरी, पण शेकडो गेम एकदम समोर आले की त्यातला एकही पूर्ण खेळला जात नाही, हा धोका घरघरीपेक्षा वाईट आहे.

आठवी पायरी: घरच्या घरी होणारी देखभाल

वायर काढून यंत्र काही तास तसेच ठेवावे. मग बाजूचा मोडेम (टेलिफोनची तार जोडायचा भाग) ओढून काढावा, कारण चार स्क्रूंपैकी एक त्याच्या आड लपलेला असतो. झाकण उघडल्यावर वीजपुरवठ्याचा बोर्ड उचलून मुख्य बोर्डावरच्या उभ्या पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसाव्यात. मध्येच रिसेट होणारी बरीचशी यंत्रे एवढ्याने बरी होतात. पुरवठ्याच्या बोर्डावरील भागांना बोट लावू नये. त्याच अल्कोहोलचा कापूस लेझरच्या भिंगावरून हलकेच फिरवावा.

कंट्रोलरच्या जागा एकाएकी बंद पडल्या तर त्यांच्या मागच्या छोट्या बोर्डावरील फ्यूज उडालेला असतो. यंत्र चालू असताना कंट्रोलर काढ-घाल केल्याने असे होऊ शकते, तेव्हा ती सवय लावून घेऊ नये. त्याच बोर्डावर घड्याळाचा सेल असतो. तो पुन्हा चार्ज होणारा एमएल२०३२ जातीचा आहे. त्याच्या जागी साधा सीआर२०३२ तसाच बसवणे धोक्याचे आहे, कारण यंत्र त्यालाही चार्ज करू पाहते.

कोकण, मुंबई आणि गोव्यातील वाचकांनी पावसाळ्यात डिस्क आणि यंत्र बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावे. दमट हवेत डिस्कवर बुरशी धरते आणि वर सांगितलेल्या पिना पुन्हा काळवंडतात.

यापुढे

इतके जमले की दोन वाटा मोकळ्या होतात. पहिली वाट नव्या गेमची. सेगाच्या परवान्याने निघालेला शेवटचा गेम २००७ मध्ये जपानात आला, पण त्यानंतरही स्वतंत्र निर्मात्यांनी ‘स्टुर्मविंड’ आणि ‘इंट्रेपिड इझी’ यांसारखे गेम काढले, आणि २०२० मध्ये छंदी प्रोग्रॅमरांनी अॅटोमिसवेव्ह या आर्केड बोर्डावरील गेम ड्रीमकास्टवर आणून दाखवले. स्वतः गेम लिहायचा असेल तर कॅलिस्टीओएस ही मोफत साधनसामग्री उपलब्ध आहे. सी भाषा येणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला २०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि १६ एमबी स्मृती यांत काम भागवण्याचा सराव एरवी कुठे मिळेल?

दुसरी वाट ऑनलाइन खेळण्याची. ड्रीमकास्टमध्ये टेलिफोन मोडेम सुरुवातीपासून होता, आणि २००० च्या डिसेंबरात जपानमध्ये आलेल्या ‘फँटसी स्टार ऑनलाइन’ने घरगुती कन्सोलवर दूरच्या माणसांबरोबर मोहिमेला निघण्याची सवय लावली. सेगाचे सर्व्हर केव्हाच बंद झाले, पण चाहत्यांनी चालवलेले सर्व्हर आहेत. त्यांना जोडण्यासाठी रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, एक यूएसबी मोडेम आणि ड्रीमपाय हे मोफत सॉफ्टवेअर लागते. ते टेलिफोन कंपनीचे सोंग घेऊन ड्रीमकास्टला डायल टोन ऐकवते आणि आतून घरच्या ब्रॉडबँडला जोडून देते. हे काम सर्वांत शेवटी हाती घ्यावे, आणि मोडेम विकत घेण्याआधी तो ड्रीमपायबरोबर चालणाऱ्यांच्या यादीत आहे का ते पाहावे, कारण बाजारातील स्वस्त यूएसबी मोडेमपैकी सगळेच त्यात चालत नाहीत.